विनानांगरट पेरणी आणि तणनाशक : एका प्रतिक्रियेला उत्तर

न नांगरता थेट धसकटांत पेरणी करण्यावर मी लेख लिहिला होता. कॅनडाच्या प्रेअरीवरील, म्हणजे पश्चिमेकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवरील, शेतकऱ्यांनी नांगर सोडला तो मातीच्या काळजीपोटी नव्हे, तर तणनाशक स्वस्त झाले म्हणून, आणि मी ही बाजू लपवली, असा आपला आक्षेप आहे. लपवण्याचा हेतू नव्हता, पण ग्लायफोसेट या तणनाशकाच्या किमतीचा मुद्दा लेखातून सुटला ही माझी चूक आहे. ते परवडू लागले नसते, तर १९९१ साली कॅनडातील पेरणीच्या जमिनीपैकी सुमारे ७ टक्क्यांवर असलेली विनानांगरट पद्धत २०११ पर्यंत ५६ टक्क्यांवर गेली नसती.

मात्र जुनी पद्धत मातीला अधिक मानवणारी होती, हे आपले म्हणणे मला पटत नाही. प्रेअरीवरील सॅस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागात गव्हाचे रान पुढचे वर्षभर पड ठेवून, तण उगवू नये म्हणून ते उन्हाळाभर पुन्हा पुन्हा कुळवत. हेतू ओल साठवण्याचा, पण उघड्या रानातली बरीच ओल उडून जाई, माती वाऱ्यावर जाई, आणि खोल झिरपलेले पाणी सखल जागी क्षार घेऊन वर येई. आता धसकटे उभी राहतात, त्यांत अडकलेले हिम वितळून तिथेच मुरते. मे महिन्यात पेरणीयंत्रामागे वाकून पाहिले, तर अरुंद फणाने पाडलेली चीर तेवढी दिसते; नखाने माती उकरली की दीड-दोन सेंटिमीटरवर कॅनोला या तेलबियाचा मोहरीएवढा दाणा ओलीला टेकलेला सापडतो. या ओलीमुळेच पड रानात दरवर्षी पीक घेणे शक्य झाले आणि मसूर-वाटाण्याला जागा मिळाली. सॅस्कॅचेवान विद्यापीठाचा ‘लेअर्ड’ हा मसुराचा वाण १९७८ चा. पुढे लाल मसूरही आला, आणि तो आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानापर्यंत पोचला.

पिकांची फेरपालट अपुरी पडते, हे आपले म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना आपण सौम्यच लिहिले आहे. मसूर-वाटाण्याच्या मुळांना कुजवणारा ॲफॅनोमायसिस हा बुरशीसारखा रोगजंतू रानात शिरला, की ही पिके तिथे सहा ते आठ वर्षे घेऊ नयेत असा सल्ला दिला जातो. त्यातच २०१७ च्या डिसेंबरात भारताने मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावले. अशा वेळी शेतकरी गहू आणि कॅनोला यांच्याच आलटापालटीकडे ढकलला जातो. तणनाशकही तेच ते फवारले जाते, आणि शेजारच्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात २०११ साली ग्लायफोसेटला न जुमानणारे कोशिया तण आढळले. हा दोष न नांगरता पेरण्याचा नाही, नांगराच्या जागी एकाच औषधावर विसंबण्याचा आहे. तणनाशकाची किंमत आणि कोशिया, या दोन्हींवरचे परिच्छेद मी मूळ लेखात जोडत आहे.