‘दोन तृतीयांश आमदार फुटले की सगळं कायदेशीर’ हे खरं नाही

जून २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. आशय असा: दोन तृतीयांश आमदार सोबत असले की पक्षांतरबंदी कायदा लागत नाही, एकनाथ शिंदेंकडे शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार होते म्हणून सुप्रीम कोर्टानेही त्यांना योग्य ठरवलं, आणि मत आपण माणसाला देतो, पक्षाला नाही, मग तक्रार कसली? चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी आकडा. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, तिलाच पक्षांतरबंदी कायदा म्हणतात. तेव्हा एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय मिळत असे. या पळवाटेचा इतका वापर झाला की २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती तरतूदच काढून टाकली. आज अनुसूचीत दोन तृतीयांश हा आकडा आहे तो फक्त विलीनीकरणासाठी. म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवा आणि विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला होकार द्यायला हवा. वेगळी चूल मांडून बसणाऱ्या गटाला त्यात कुठलंही संरक्षण नाही, मग तो गट कितीही मोठा असो.

हा आकडा खरोखर कसा वापरला जातो ते गोव्यात दिसलं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीन झाल्याचं जाहीर केलं. मूळ पक्ष जागेवर असताना केवळ आमदारांचं विलीनीकरण चालतं का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल आमदारांच्या बाजूने लागला. मला तो निकाल अनुसूचीच्या हेतूशी विसंगत वाटतो, पण तो आहे. त्याच्या महिनाभर आधी काँग्रेसने आपल्या नव्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. सात गेले असते तर दोन तृतीयांश भरले नसते. शपथ देवासमोरची होती, हिशेब मात्र अनुसूचीचा झाला. मतदारांच्या विश्वासाशी असं वागलेलं पाहून राग येतो, आणि तो यायलाच हवा.

महाराष्ट्रात तर विलीनीकरण झालंच नाही. शिंदे गट कुणात मिसळला नाही. ‘आम्हीच शिवसेना’ हा त्याचा दावा होता. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही, ते खरा पक्ष कोणता हे ठरवून. त्यासाठी त्यांनी विधिमंडळातलं बहुमत पाहिलं, पण विलीनीकरणाची सवलत दिली नाही.

‘कोर्टाने योग्य ठरवलं’ हे तर सरळ उलटं आहे. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की फुटीचा बचाव आता उपलब्धच नाही, प्रतोद (व्हीप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा आहे, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंही चूक होतं. उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, म्हणून कोर्ट त्यांना परत आणू शकलं नाही. अपात्रतेचा निर्णय कोर्टाने अध्यक्षांकडे सोपवला.

उरलं ‘मत माणसाला’. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पक्षाचा एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचला नाही, तर माणूस कितीही लोकप्रिय असो, पक्षाचं चिन्ह मिळत नाही. त्या कागदासाठी रात्र-रात्र ताटकळणारे इच्छुक प्रत्येक निवडणुकीत दिसतात. चिन्हाला किंमत नसती तर ते ताटकळले नसते. माणसाला मत देणारेही असतात, नाही असं नाही. पण ज्याला पक्ष नकोसा झाला त्याने राजीनामा देऊन पुन्हा मतदारांसमोर जावं. तो रस्ता कायद्याने खुला ठेवला आहे.

या मजकुरात नसलेली, पण सगळ्यात जास्त बोलण्यासारखी गोष्ट आहे वेळेची. अपात्रतेच्या याचिका जून २०२२ मध्ये दाखल झाल्या. अध्यक्षांचा निर्णय यायला दीड वर्षाहून जास्त लागलं, तेही सुप्रीम कोर्टाने तारीख ठरवून दिल्यावर. त्या निर्णयाविरुद्धचं प्रकरण कोर्टात प्रलंबित असतानाच २० नोव्हेंबर २०२४ ला नवं मतदान झालं. निकालाआधी विधानसभाच संपली. मणिपूरच्या एका प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की अध्यक्षांनी अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, आणि हा अधिकार अध्यक्षांऐवजी निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी लवादाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. अध्यक्ष स्वतः एका पक्षाचा असतो, हे त्यामागचं साधं कारण. त्यानंतर महाराष्ट्राच्या त्या विधानसभेत दोन पक्ष फुटले, तरी असा लवाद झाला नाही.