हेडलाइटची ‘काच’ काच नसते

मागच्या गणपतीत रात्री अकराला दादरहून चिपळूणला निघालो. पनवेलपर्यंत रस्त्याला दिवे असतात, त्यामुळे काही जाणवलं नाही. पेण सोडलं, पावसाने जोर धरला आणि समोरचा रस्ताच दिसेना. माणगावच्या पुढे काळा रेनकोट घातलेला एक सायकलवाला अगदी बंपरजवळ आल्यावर दिसला. तो वाचला. गाडीत आई होती, बायको होती, सात वर्षांची मुलगी झोपलेली होती. पुढचा सगळा रस्ता मी तीसच्या वेगाने काढला.

सकाळी अंगणात आईने गाडीच्या तोंडाकडे बघून विचारलं, “हिला मोतीबिंदू झालाय का रे?” खरंच तसेच दिसत होते दिवे. पिवळट, दुधाळ. अकरा वर्षं रोज ती गाडी बघतोय, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वडिलांच्या पद्मिनीचे हेडलाइट खरोखर काचेचे होते. दगड लागून एकदा फुटले, पण पिवळे कधी पडले नाहीत. आताचे पॉलिकार्बोनेटचे असतात. वजनाला हलके, सहज न फुटणारे, हवा तो आकार घेणारे. पण उन्हातले अतिनील किरण या प्लास्टिकला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यात त्यावर कडक संरक्षक थर चढवतात. ऊन, धूळ आणि वर्षानुवर्षांचं घासून पुसणं यांनी तो थर गेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. आमच्या बिल्डिंगला पार्किंग नाही, गाडी गल्लीतच उभी असते. डाव्या दिव्यावर बदामाच्या झाडाची सावली पडते, उजव्यावर दुपारपासून ऊन. उजवा दुप्पट पिवळा होता. ऊन काय करतं याचा एवढा पुरावा मला पुरला.

दुकानात गेलो तर सल्ला मिळाला, १००/९० वॅटचा बल्ब टाका. कृपा करून हे करू नका. साध्या एच-फोर बल्बची क्षमता ६०/५५ वॅट असते आणि वायरिंग, होल्डर त्याच हिशोबाने बसवलेले असतात. शिवाय दुधाळ प्लास्टिकमागे जोरदार बल्ब लावला की प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही तो नाहीच, वर समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरवर ही वेळ आणायचा आपल्याला काय अधिकार?

मग एका गॅरेजात पॉलिश करून घेतलं. दिवाळीत दिवे आरशासारखे चमकत होते, होळीपर्यंत पुन्हा पिवळे. टूथपेस्टने घासलं तरी तेच होतं. घासण्याने मळलेला थर निघतो, प्लास्टिक उघडं पडतं, आणि त्याला वाचवणारं वर काहीच उरत नाही.

हे मला समजावलं आमच्या शेजारच्या काकांनी. ते बेस्टच्या वर्कशॉपमधून पेंटर म्हणून निवृत्त झालेत. म्हणाले, “घासणं अर्धं काम रे, खरं काम वरच्या कोटाचं.” आधी त्यांनी दिव्यावर पाणी मारलं. ओला झाल्यावर दिवा स्वच्छ दिसला, म्हणजे खराबी बाहेरून होती. आतून धुरकट असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

मग कडेच्या रंगाला मास्किंग टेप, आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, भरपूर पाण्यात. पाणी पिवळं, दुधासारखं ओघळायला लागतं. ते थांबेपर्यंत घासायचं. पुढे १०००, १५००, २०००, ३०००. दर वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. मधे दिवा एकसारखा पांढुरका दिसतो तेव्हा माझा जीव घाबरा झाला होता, पण तो तसाच दिसायला हवा. मग रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, मशीनने फिरवायची. मशीन एका जागी थांबवायचं नाही, प्लास्टिक तापतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हात न लावता, अतिनील किरण रोखणारा हार्डनरवाला क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते. काकांनी पेंटरचा कार्ट्रिजवाला मास्क लावला आणि मला लांब उभं केलं. तोंडाला रुमाल बांधून हे करू नका. ज्यांना स्प्रे जमणार नाही त्यांनी पीपीएफची, म्हणजे गाडीच्या रंगावर लावतात ती, पारदर्शक फिल्म लावून घ्यावी. नुसतं वॅक्स लावणार असाल तर ते सारखं लावत राहावं लागेल.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये चाचण्या केल्या होत्या. खराब झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड मिळत होता, घासून नीट केल्यावर साधारण ७० टक्के. म्हणजे दिवा नव्यासारखा होत नाही, आणि आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. पण २० ऐवजी ७० टक्के उजेड असता तर तो सायकलवाला मला बराच आधी दिसला असता.

परवा रात्री गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर दिवे पाडून बघितले. लो बीमची कड कित्येक वर्षांनी सरळ रेघेसारखी दिसली. काका खाली उतरून पाच मिनिटं नुसते बघत उभे होते.

कोट सुकायला कोरडी हवा लागते, जुलैच्या दमटपणात तो पांढरा पडू शकतो. म्हणून मे महिन्यातच लिहितोय. गणपतीला रात्री निघणार असाल तर आज खाली उतरून दिव्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा.