तोफ झाली, पान वाढा

ऑगस्ट लागला की एडिंबरातल्या मराठी माणसाचा गोतावळा एकदम वाढतो. १९४७ पासून इथे कलामहोत्सव भरतो. त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकून माणूस फोन खाली ठेवतो आणि दुसरा लावतो. तो दुसरा फोन मला येतो.

यंदाचे गृहस्थ माझ्या चुलत मेहुण्याचे मित्र. "दोनच रात्री हो, सोफ्यावर पडेन कुठेतरी," म्हणाले. एक रात्र पडले. सकाळी त्यांची कंबर धरली आणि सोफ्यावर आम्ही दोघं आलो. येताना आणलेला पाव किलो चिवडा तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच संपवला, वर "वहिनी, इथे चांगले पोहे मिळतात का?" अशी चौकशी.

इथल्या किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ उडते. १८६१ पासूनची प्रथा. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. आमच्या पाहुण्यांनी तिच्यावर पोट लावलं. धडाम् झालं की हात धुऊन टेबलाशी हजर! रविवारी तोफ नसते, म्हणून मला भाबडी आशा होती. रविवारी ते पावणेएकलाच आले.

नवव्या दिवशी मी जिना झाडत होतो. (इथे सामायिक जिना पाळीपाळीनं झाडायचा असतो. पाहुण्यांची पाळी नसते.) वरच्या मजल्यावरच्या आजी, निवृत्त ग्रंथपाल, कठड्याला टेकून म्हणाल्या, "अजून आहेत? म्हणजे सॉर्न करताहेत."

सॉर्न हे जुनं स्कॉट क्रियापद. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ फुकटचं राहणं-खाणं. बोलावलं नसताना दुसऱ्याच्या घरी ठाण मांडायचं, त्याच्याच ताटात जेवायचं, म्हणजे सॉर्न करायचं. आपल्याकडे ओसरीवर हातपाय पसरणाऱ्या भटावर म्हण करून आपण गप्प बसलो; स्कॉट लोकांनी कायदा केला. १४४९ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात. सॉर्नर लोक घोडे, शिकारी कुत्रे घेऊन यायचे, असं त्या कायद्यातच आहे. आमच्याकडे फक्त चाकांची बॅग होती, हे ऐकून जरा बरं वाटलं.

आजच्या ब्रिटनमध्येही सॉर्न आहे, पण तो इंग्रजी आद्याक्षरांचा. जुन्याशी नातं नाही. गाडी रस्त्यावर काढणार नसाल तर तसं सरकारला कळवायचं, त्याला सॉर्न म्हणतात. जागेवरून हलणार नाही असं निदान आधी कळवतात तरी!

त्या रात्री मी धीर केला. "परतीचं तिकीट कधीचं म्हणालात?"

"का, काही अडचण आहे का?"

"छे छे!" हे माझ्याच तोंडून निघालं. बायकोनं आमटीचं पातेलं जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तोफ झाली आणि टेबलाशी कुणीच आलं नाही. आम्ही दोघांनी गरम भात शांतपणे खाल्ला, ताकसुद्धा पुरलं. चारच्या सुमाराला दारावर टकटक झाली. आजी होत्या, हाताला पीठ लागलेलं.

"जिन्यात भेटले, म्हणून चहाला या म्हटलं," त्या कुजबुजल्या. "एकपासून बसलेत. पाचवा स्कोन चाललाय, आणि आता विचारताहेत, रात्री सूप कसलं करणार?"

मी त्यांना १४४९ची आठवण करून दिली.

"ते ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडे चिवडा उरलाय का, ते सांगा. त्यांना तोच हवाय."