फी इंटरनेटची, नेट आमच्या मोबाइलचं

नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल नेट नाही म्हणून रद्द होतं. इतिहासाचं नाही, मराठीचं नाही, नेटवर्किंगचं! बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय आहे आणि त्याचं प्रॅक्टिकल पॅकेट ट्रेसर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. खऱ्या स्विचला, राउटरला, म्हणजे नेट पुढे वाटणाऱ्या डब्यांना, हात लावायचाच नाही. पडद्यावर चित्रातला राउटर ओढून आणायचा, चित्रातली केबल जोडायची आणि चित्रातला पिंग, म्हणजे चाचणीचा निरोप, पोहोचतो का ते बघायचं. तेही एक वेळ चालेल. सॉफ्टवेअर चांगलं आहे, फुकट आहे, सुरुवातीला शिकायला उत्तम आहे. पण उघडलं की ते आधी लॉगिन मागतं, लॉगिनला इंटरनेट लागतं, आणि माझ्या मुलीच्या ठाण्यातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेमकं तेच नसतं.

मग पोरं काय करतात? ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे ती मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. उरलेली लॅबच्या डेस्कटॉपवर बसतात, त्यांना वायफायच नाही, म्हणून चार्जिंगची केबल घालून टेदरिंग करतात, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देतात. केबल विसरलेला पोरगा शेजारच्याच्या खुर्चीमागे उभा राहतो आणि जर्नलमध्ये दुसऱ्याचा आउटपुट उतरवतो. मास्तरांनाही ते माहीत आहे. ते बिचारे म्हणतात, "स्क्रीनशॉट शेअर करून घ्या रे." तो शेअर करायलाही नेट लागतं, हे वेगळं सांगायला नको.

मी हे चिडून लिहितेय कारण हे माझं रोजचं काम आहे. मी महापे एमआयडीसीत नेटवर्कमध्ये नोकरी करते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं ऐरोली, रबाळे, महापे अशी डेटा सेंटर्सची, म्हणजे सर्व्हरनं भरलेल्या इमारतींची, रांग उभी आहे. डबल पॉवर, जनरेटर, एका मार्गावरची फायबर तुटली तर दुसरा मार्ग तयार. अर्ध्या देशाचे व्यवहार, व्हिडिओ, बँका तिथल्या रॅकमधून जातात. आणि तिथून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाण्याला उतरलं, की एका कॉलेजात पोरं गुगलचं पान उघडावं म्हणून जिन्यात उभी असतात. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी कॉलेजच्या ऑफिसात गेले, अगदी गोड बोलून. म्हटलं, "सर, लॅबमध्ये नेट येत नाही असं मुलं सांगतात."

"येतं की मॅडम. शंभर एमबीपीएसची लाइन आहे आपली."

"हो, पण मुलांपर्यंत पोचत नाही."

"मुलं रील्स बघतात ना दिवसभर, मग कसं पोचणार?"

झालं. मुद्दा संपला. आता या शंभर एमबीपीएसचं, म्हणजे नेटच्या या वेगाचं, काय होतं ते सांगते. आधी ही लाइन कॉलेजसाठी घेतलेली लीज लाइन, म्हणजे एकट्याची राखीव लाइन, नाही, घरगुती ब्रॉडबँडचाच ऑफिस प्लॅन आहे, म्हणजे आपल्याबरोबर गल्लीतले बाकीचे गिऱ्हाईकही त्याच पाइपवर. वर त्याला मर्यादा, तेवढा डेटा वापरला की स्पीड उतरतो. चाळीस मशीनची लॅब एकाच वेळी बसली तर कागदावरसुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस. त्यातून ऑफिस, स्टाफरूम, प्राचार्यांची केबिन आणि रात्रंदिवस रेकॉर्डिंग चढवणारे सीसीटीव्ही वजा करा. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या अहवालात बँडविड्थ, म्हणजे नेटचा वेग, किती ते लिहावं लागतं, तिथे शंभरचा आकडा टाकला की काम झालं. शेवटच्या बाकावरच्या मशीनला त्यातलं किती मिळतं, हे विचारणारा रकाना कुणी ठेवलाय का?

वायफायची तर वेगळीच कथा. दारावर "वायफाय कॅम्पस" असा फ्लेक्स आहे. मी मोबाइल काढून बघितलं, रेंज फुल्ल, नेट शून्य. रेंजच्या काड्या राउटरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात येतो ते सांगतात, त्या राउटरच्या पुढे काय जळतंय त्याचा त्यांना पत्ता नसतो. आणि फोन तिथेच अडकला होता, "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" म्हणत गोल गोल फिरत. त्याक्षणी मला कळलं काय झालंय. नेटवर्कवर प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, लागतो. साध्या राउटरच्या नेटवर्कमध्ये वाटायला जास्तीत जास्त २५३ पत्ते असतात. फोन जोडला की त्याला एक पत्ता भाड्याने मिळतो, आणि ते भाडं बऱ्याच राउटरवर २४ तासांचं असतं. सकाळी ज्युनियर कॉलेजची पोरं येतात, सगळ्यांच्या खिशातले फोन आपोआप जोडले जातात, सगळे पत्ते घेऊन पोरं साडेबाराला घरी जातात. दुपारी डिग्रीची बॅच येते तेव्हा पत्ते शिल्लकच नाहीत! पोरं घरी जेवतायत आणि त्यांचे पत्ते कॉलेजात बसून आहेत.

यावर उपाय काय, तर भाडं तासाभराचं करायचं. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा. नाहीतर नेटवर्क थोडं मोठं करायचं, सबनेट, म्हणजे पत्त्यांच्या गटाचा आकार, बदलला की हजाराच्या वर पत्ते मिळतात. गंमत म्हणजे सबनेटिंगची गणितं दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला येतात. वर्गातल्या कुठल्याही बऱ्या पोरीला बसवा, चहा व्हायच्या आत करून देईल. पण राउटर प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि पासवर्ड "आमच्या माणसाकडे" आहे. हा माणूस शनिवारी येतो. कुठल्या शनिवारी, ते कुणी सांगत नाही.

बरं, राउटरही कसा? टू-बीएचकेला पुरेल असा, दोन अँटेनांचा. जुन्या इमारतीच्या जाड भिंती आणि हा कपाटात, लोखंडी! त्यात प्रत्येक मजल्यावर आणखी दोन-तीन तसलेच डबे लावलेत, सगळे आपापल्या मर्जीने चॅनेल पकडून बसलेले. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मोजून ३, म्हणजे १, ६ आणि ११. वायफाय ही हवेतली एकच वाट आहे, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. तिथे चार डबे एकाच चॅनेलवर ओरडतात, आणि नेट येत नाही म्हणून पोरांनी लावलेले डझनभर हॉटस्पॉट त्यात भर घालतात. मग सगळ्यांचंच बसतं. "अजून एक राउटर घेऊ या" हा ऑफिसचा उपाय. घ्या, अजून एक डबा आणा!

लॅबमधल्या दादांना मी दोष देत नाही. तो एकटा मुलगा आहे, कंत्राटी, पगार सांगायला लाजतो. प्रिंटरचा टोनर तोच बदलतो, हजेरीचं मशीन तोच बघतो, गॅदरिंगला साउंडची वायर तोच ओढतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत फॉर्म भरायलाही त्यालाच बसवतात. नेटवर्क सांभाळणं हे कॉलेजात कुणाचं कामच नाही. पंखा बंद पडला तर वायरमन आहे, नळ गळला तर प्लंबर आहे. नेट गेलं तर? "येईल थोड्या वेळानं."

कारणं मात्र तयार असतात. घोडबंदर रोडला मेट्रोचं खोदकाम चाललंय, फायबर तुटली. शुक्रवारी मेंटेनन्सला लाइट गेली. पावसात विजेच्या खांबावरची केबल लोंबकळली. यातलं काही खरं असतंही, मी नाकारत नाही, ठाण्यात खड्डा नसलेला रस्ता शोधायला वेगळी मोहीम काढावी लागेल. पण लाइट आल्यावरही नेट येत नाही, कारण यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलीय आणि स्विच परत सुरू करायला कपाटाची किल्ली लागते. किल्ली रजेवर आहे.

आणि हे सगळं ज्या कॉलेजात घडतं तिथे नेटशिवाय एक पानही हलत नाही. हजेरी ॲपवर. असाइनमेंट गुगल क्लासरूमवर, रात्री ११:५९ ची मुदत, एक मिनिट उशीर झाला की लाल अक्षरात "लेट". नोट्स पीडीएफमध्ये, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. परीक्षेच्या फॉर्मला एबीसी आयडी, म्हणजे मुलांच्या क्रेडिट खात्याचा नंबर, हवा, तो डिजिलॉकरमधून काढायचा, त्याला आधारचा ओटीपी, आणि ओटीपी येतो बाबांच्या फोनवर. बाबा त्या वेळी रिक्षा चालवत असतात नाहीतर वाशीच्या मार्केटमध्ये गोणी मोजत असतात. माझ्या मुलीची एक मैत्रीण दिवा गावाहून येते. घरी चार माणसांत दोन फोन, रोजचा दीड जीबी. संध्याकाळी भावाचा क्लास असतो, म्हणून ती असाइनमेंट कॉलेजात करून जायची म्हणते, तर कॉलेजात नेट नाही. मग स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तासाचे पैसे भरून बसते. त्या झेरॉक्सवाल्याचं नेट कधी जात नाही! एवढीशी टपरी, मागे एक लाइन, वर मोबाइल डोंगलचा बॅकअप. त्याला माहीत आहे की नेट गेलं तर धंदा गेला. कॉलेजचा काय धंदा जातोय? फी जूनमध्येच जमा झालेली असते.

फीचंच बघा. पावतीवर ट्यूशन फी, जिमखाना, लायब्ररी, कॉम्प्युटर लॅब, आणि खाली वेगळी ओळ, "इंटरनेट व डिजिटल सुविधा". पैसे किती ते सोडा, पण ती ओळ वाचली की माझं डोकं फिरतं. २०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. तेव्हापासून आम्ही एकाच गोष्टीचे पैसे दोनदा भरतोय, एकदा कॉलेजला आणि एकदा मोबाइल कंपनीला. कॉलेज चालतं आमच्या दुसऱ्या पैशांवर. उद्या वर्गात पंखे नसतील आणि घरून पंखा आणा म्हणाले, तर पालक दारात उभे राहतील की नाही? इथे कुणी बोलत नाही, कारण पोरांच्या हातात मोबाइल दिसतो आणि सगळ्यांना वाटतं नेट आहेच.

आपल्या देशात इंटरनेट आलं तेच मुळी शिक्षणसंस्थांतून. १९८६ मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट सुरू झालं, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि मुंबईतली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था त्यात होती. तुम्हा-आम्हाला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून कनेक्शन मिळालं ते थेट १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे त्याच्या कितीतरी वर्षं आधी हे शिक्षणसंस्थांत होतं. पवईच्या आयआयटीतून तेव्हा मेल जात होते, आणि आज ठाण्यात पोरं जिन्यात उभी.

वर परीक्षेला प्रश्न काय, तर नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर सांगा, स्टार टोपॉलॉजीचे फायदे लिहा. पोरं घडाघडा म्हणतात. पण केबल क्रिम्प करायला, म्हणजे तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायला, द्या. माझ्या मुलीनं कॉलेजात क्रिम्पिंग टूल बघितलेलंच नव्हतं. मी ऑफिसातून उरलेली केबल आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिला बसवलं. आतल्या आठ तारा रंगांच्या क्रमानं लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिले दोन कनेक्टर वाया गेले, तिसऱ्याला टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले, आणि पोरगी ओरडलीच, "आई, लागला!" वर्षभराच्या प्रॅक्टिकलमध्ये असं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. कनेक्टर काही रुपयांना मिळतो. टूल काही शेकड्यांत येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. गॅदरिंगच्या फ्लेक्सच्या खर्चात अख्ख्या वर्गाला पुरेल एवढं सामान येईल.

मी लेखी अर्ज दिला आहे. त्यात काय चंद्र मागितला नाही. पत्त्यांचं भाडं एक तासाचं करा. ऑफिसचं, सीसीटीव्हीचं आणि मुलांचं नेटवर्क वेगळं करा. राउटर कपाटातून बाहेर काढा, चॅनेल वाटून द्या. लॅबच्या चाळीस मशीनला केबलनं नेट द्या, ते स्विच आणि वायरी भिंतीत आधीपासून आहेत, मी बघितल्यात. यूपीएसची बॅटरी बदला. आणि त्या लॅबच्या मुलाला कायम करा, किल्ली आणि पासवर्ड त्याच्याकडे द्या. एका रविवारी मी स्वतः येते, पैसे घेणार नाही, असंही लिहिलंय. उत्तर आलं की "विषय समितीपुढे ठेवण्यात येईल". ठेवा. तोवर त्या पावतीवरची इंटरनेटची ओळ खोडा आणि पैसे परत द्या, पोरीचं रिचार्ज संपत आलंय.