गहू बायकांचा, कोठाराची किल्ली पुरुषांची

अमेरिकेत युटा राज्यात राहते म्हटलं की पुण्याहून फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडे अजून चार-चार बायका करतात का गं?" नाही करत. १८९० साली इथल्या मॉर्मन चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढला, पुढे हळूहळू प्रथा बंद पडली आणि आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. जे फुटीर पंथ अजून करतात ते वेगळे. दुसरा प्रश्न ओटीटीवरचे रिॲलिटी शो बघून आलेला असतो, त्याचं उत्तर मी देतच नाही. माझ्या गल्लीतल्या मॉर्मन बायका मुलांना शाळेत सोडतात, नोकऱ्या करतात, रविवारी दोन तास चर्चला जातात. कॅमेरा लावावा असं त्यांच्या घरात फारसं काही घडत नाही. (चर्चला २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे नाव नकोय, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण म्हणा असा आग्रह आहे. ते दर वाक्यात लिहिणं माझ्याच्याने व्हायचं नाही.)

माझं मत आधीच सांगून टाकते. या बायका ‘बिचाऱ्या’ नाहीत. आणि ‘आमच्यात स्त्रीचं स्थान सर्वोच्च’ हे जे व्यासपीठावरून सांगतात, तेही मला पटत नाही. मला खटकतं ते निराळंच. यांच्या पणज्यांच्या हातात जे होतं त्यातलं बरंचसं आज यांच्या हातात नाही, आणि ते कुणी भांडून हिसकावून घेतलेलंही नाही. व्यवस्थितपणा, सुसूत्रता, सोय अशा गोड नावांखाली ते एकेक करून गेलं.

गव्हाचीच गोष्ट घ्या. १८७६ साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी बायकांना सांगितलं, दुष्काळासाठी धान्य साठवा. पुरुषांना आधी सांगून झालं होतं, त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. बायकांची संघटना म्हणजे रिलीफ सोसायटी. १८४२ साली इलिनॉयमधल्या नॉवू गावात वीस जणींनी सुरू केलेली, पहिली अध्यक्षा चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची बायको एमा. एमेलाइन वेल्स या बाईने धान्याचं काम अंगावर घेतलं. बायका कापणी झालेल्या शेतांतून सरवा वेचत फिरल्या, जमवलेल्या पैशांतून गहू विकत घेतला, स्वतःची कोठारं उभी केली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोला यांचं पीठ गेलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकन सरकारने यांच्याकडून दोन लाखांवर बुशेल (धान्याचं तिकडचं माप) गहू घेतला. त्या पैशाच्या व्याजावर पुढे बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची देखभाल झाली. रिलीफ सोसायटीच्या चिन्हात आजही गव्हाची पेंढी आहे. गहू मात्र १९७८ साली चर्चच्या सर्वसाधारण साठ्यात गेला, निधीसकट.

त्याआधी १९७० मध्ये पैशांचं झालंच होतं. तोवर रिलीफ सोसायटी वर्गणी घ्यायची, विक्री-बाजार भरवून पैसे उभे करायची, स्वतःचं बजेट स्वतः ठरवायची. सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन मंदिरासमोर त्यांची स्वतःची इमारत आहे, १९५६ ची. तिच्यासाठी बायकांनी माणशी पाच-पाच डॉलर दिलेले. १९७० साली हे बंद झालं, रक्कम पुरुष पुढाऱ्यांकडे गेली आणि बजेट वरून मिळू लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात बायकांचं मासिकही थांबलं. चर्च जगभर पसरतंय, सगळं एका छताखाली आणू, असं कारण होतं. पुरुषांच्या गटांचीही फेररचना झाली, हे मान्य. पण त्यांच्या वाटची किल्ली शेवटी पुरुषाकडेच राहिली ना!

आणि आशीर्वादाचं काय झालं ते बघा. एकोणिसाव्या शतकात या बायका आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. गरोदर बाईला बाळंतपणाआधी न्हाऊ घालून, तेल लावून आशीर्वाद देत. हा रीतसर विधी होता. १९४६ साली वरून पत्र आलं की यासाठी पुरुषांना बोलवावं.

आता आपल्या लोकांसाठी एक धागा. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या वुमन्स मेडिकल कॉलेजात १८८३ मध्ये गेल्या आणि १८८६ ला डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तिथेच त्यांच्या आधी युटाच्या मॉर्मन बायका शिकून गेल्या होत्या. रोमेनिया प्रॅट १८७७ ला, एलिस शिप १८७८ ला. एलिसची कहाणी वाचून मी थक्क झाले. नवऱ्याच्या चार बायका, त्यांतली ही पहिली. खरं तर शिकायला सवत गेली होती, मॅगी. तिला घरची इतकी आठवण आली की ती परतली, आणि तिच्या जागी एलिस गेली. मुलं सवतींच्या हवाली. मध्ये घरी येऊन गेली ती गरोदर राहून परतली, फिलाडेल्फियातच बाळंत झाली, डिग्री घेतली. सॉल्ट लेकला येऊन सुइणींची आणि परिचारिकांची शाळा काढली, हजारो बाळंतपणं केली. मॅगीही मग हट्टाने परत गेली आणि १८८३ ला डॉक्टर झाली. म्हणजे आनंदीबाईंची आणि तिची चुकामूक थोडक्यात झाली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सवती असणं चांगलंच की! अजिबात नाही. एलिसच्या डायरीत एकटेपणा भरून आहे. एमा स्मिथला तर नवऱ्याने तिच्या मागे किती लग्नं केली हे उशिराने कळत गेलं आणि तिने ते मनापासून कधीच स्वीकारलं नाही. पण ज्या व्यवस्थेने या बायकांना पिळलं, त्याच व्यवस्थेत त्यांनी मतदान केलं, पेपर चालवला, डॉक्टरकी केली. १४ फेब्रुवारी १८७० ला सेराफ यंग या तेवीस वर्षांच्या शिक्षिकेने सॉल्ट लेकमध्ये मत दिलं, पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क देणाऱ्या कायद्याखाली अमेरिकेतलं बाईचं पहिलं मत. वॉशिंग्टनच्या लोकांना वाटलं होतं, बायका मतपेटीतून बहुपत्नीत्व बुडवतील. त्यांनी काही बुडवलं नाही, तेव्हा १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्यांचं मतच काढून घेतलं. १८९६ ला युटा राज्य झालं तेव्हा ते परत मिळालं. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर बाई राज्याच्या सिनेटवर निवडून आली, देशातली पहिली स्त्री. हरलेल्या उमेदवारांत तिचा नवरा होता! ती त्याची चौथी बायको. २०२४ च्या शेवटी तिचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात बसला.

अशा बायकांच्या नाती-पणतींना १९७६ नंतर चर्चने सांगितलं की स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला विरोध करा. सोनिया जॉन्सन हिने उलट बाजू घेतली, तिला १९७९ च्या डिसेंबरात चर्चमधून काढलं. १९९५ मध्ये कुटुंबाविषयीचा जाहीरनामा आला: बापाने प्रेमाने आणि धर्माने घराचं नेतृत्व करावं, आईची मुख्य जबाबदारी मुलांचं संगोपन. तो पहिल्यांदा वाचून दाखवला गेला तोही रिलीफ सोसायटीच्या सभेत. आज तो कित्येक घरांत दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला असतो. केट केली हिने बायकांनाही प्रीस्टहुडची, म्हणजे धार्मिक विधी करण्याच्या अधिकाराची, दीक्षा द्या म्हणून मोहीम चालवली, २०१४ ला तिलाही चर्चमधून काढलं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. शेजारणीच्या बाळाला नाव देण्याचा आणि आशीर्वादाचा कार्यक्रम होता, तिने आम्हाला बोलावलं. रविवारची सभा, पुढे सात-आठ पुरुष गोल करून उभे: बाप, दोन्ही आजोबा, मामा-काका आणि स्थानिक मंडळीचा प्रमुख, म्हणजे बिशप. प्रत्येकाचा एक हात बाळाखाली, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर. बाळ रडू नये म्हणून सगळे मिळून त्याला हळूहळू खालीवर हलवत होते, आणि बाप माइकवर आशीर्वाद बोलत होता. फार लोभस दृश्य होतं, खोटं कशाला बोलू. बाळंतीण माझ्या शेजारी बाकावर बसली होती. बाळ रडायला लागलं तेव्हा तिचे हात आपोआप वर आले आणि मग मांडीवर परत गेले. त्या गोलात प्रीस्टहुड असलेला पुरुषच उभा राहू शकतो. मला आपलं बारसं आठवलं, जिथे पाळण्याभोवती ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बायकांचं राज्य असतं आणि बाप कुठेतरी खुर्च्या लावत असतो. (कौतुक पुरे. मौंजीत आपल्याकडे कोण कुठे बसतं ते मलाही ठाऊक आहे.)

मी नंतर तिला विचारलं. तिला दीक्षा वगैरे नको आहे, बिशप तर मुळीच व्हायचं नाही. बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे, गल्लीतलाच कुणी दंतवैद्य किंवा इंजिनिअर, नोकरी सांभाळून हे करणारा. "मला फक्त बाळ धरायचं होतं," ती म्हणाली. बारा वर्षांचा होणारा मुलगा प्रीस्टहुड घेऊन रविवारी पाव आणि पाणी वाटतो. त्याच्या आजीला तो हक्क नाही. मात्र त्याच आजीच्या श्रद्धेच्या गाभ्यात स्वर्गातली आईही आहे, देव बापासोबत. तिच्याविषयी गीत आहे, पण तिची प्रार्थना करायची नाही.

‘मग सोडत का नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना इथलं जगणं माहीत नसतं. मी बाळंतीण होते तेव्हा रिलीफ सोसायटीच्या बायकांनी न विचारता यादी करून रोज कुणी काय आणायचं ते ठरवलं. मी त्यांच्या धर्माची नाही हे कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्यासाठी बिनमांसाची म्हणून बटाटा-चीजची डिश आली, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. इथे तिला ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणतात, कुणी गेलं की नेतात म्हणून! माझी आई व्हिडिओ कॉलवर हे नाव ऐकून हबकली. अशा गोतावळ्यातून बाहेर पडणं म्हणजे एक मत बदलणं नव्हे. वॉर्ड, म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी, पत्त्यावरून ठरतो, म्हणजे मुलांचे मित्र, आजारपणातले हात, सगळं तिथलंच.

शिवाय लग्न. मंदिरातलं (रविवारच्या चर्चहून ते वेगळं) लग्न ‘अनंतकाळासाठी’ असतं आणि आत जायला परवाना लागतो. बिशपच्या मुलाखतीतून मिळणारा, दर दोन वर्षांनी नवा. चर्च सोडलेल्या आईला पोटच्या मुलीच्या मंदिरातल्या लग्नात आत जाता येत नाही. २०१९ पर्यंत अमेरिकेत आधी कोर्टातलं लग्न केलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागायचं, म्हणून आया बाहेर थांबायच्या. आता निदान ती अट गेली. आणि बायको वारली तर नवरा दुसरीशीही अनंतकाळासाठी बांधला जाऊ शकतो. रसेल नेल्सन अध्यक्ष होते, त्यांचंही तसंच झालं. जिवंत बाईला मात्र एकच. बहुपत्नीत्व पृथ्वीवर बंद झालं, स्वर्गात सुरूच आहे की काय, ही भीती मी हसत-हसत सांगणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकली आहे. त्या हसण्यावर मी हसू शकले नाही.

मार्च २०२४ मध्ये रिलीफ सोसायटीच्या एका वरिष्ठ पदाधिकारी बाईंनी भाषणात म्हटलं की बायकांना इतकी व्यापक शक्ती आणि अधिकार देणारी दुसरी धार्मिक संस्था त्यांच्या माहितीत जगात नाही. चर्चने ते इन्स्टाग्रामवर टाकलं आणि त्याखाली हजारो कॉमेंट आल्या, बहुतेक बायकांच्या, बऱ्याचशा आत राहणाऱ्या. त्याआधीच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास काही वॉर्डांत महिला पुढाऱ्यांना मंचावर बसवायची पद्धत होती, ती वरून बंद करवली होती. लोक ते विसरले नव्हते.

बदल होतात, नाही म्हणत नाही. २०१३ मध्ये जागतिक अधिवेशनात पहिल्यांदा बाईने प्रार्थना म्हटली, २०१९ पासून बाप्तिस्म्याला बाई साक्षीदार राहू शकते. पण वॉर्डाचा क्लार्क, जो वर्गणी-देणग्यांचा हिशेब ठेवतो, तो अजून पुरुषच लागतो. माझी शेजारीण पेशाने ऑडिटर आहे. आठवडाभर कंपन्यांचे ताळेबंद तपासते, रविवारी तिच्या वॉर्डाचे चेक एक पोरसवदा तरुण मोजतो. तिच्या पणजीच्या पिढीतल्या बायकांनी दोन लाख बुशेलचा हिशेब ठेवला होता. यात देवाचं काय अडतं, हे मी तिलाही विचारलं. ती म्हणाली, हाच प्रश्न तिने बिशपला विचारलाय, आणि विचारत राहणार आहे. पुढच्या रविवारी ती चर्चला जाणारच आहे, ते वेगळं.