हँडल सरळ करून घे, पुता

माझ्या सायकलचं हँडल वाकलेलं नाही. ते कंपनीतूनच तसं येतं, रेसच्या सायकलींसारखं दोन्ही टोकं खाली वळवलेलं. हे वाक्य छापून शर्टाच्या पाठीवर चिकटवावं, असं गेल्या रविवारपासून फार वाटतंय.

जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट. पलीकडे पोचायला लागतात पाचेक मिनिटं, पण माणसाची अब्रू जायला तेवढी पुरतात. सायकल कठड्याला टेकवतोय तोच एक काका जवळ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नार्व्याच्या सप्तकोटेश्वरासाठी नारळ आणि फुलं, मागे सातआठ वर्षांचा नातू आणि त्याची छोटी सायकल. काकांनी आधी माझं हँडल पाहिलं, मग माझे गुडघे.

"खंय पडलो रे पुता?"

"पडलो नाही काका. हे हँडल असंच असतं."

मराठी ऐकून तेही मराठीवर आले, पण दया तशीच. नातवाला पुढे ओढून म्हणाले, "बघ. हळू चालव म्हणून सांगतो ना, ते यासाठी."

इथे गप्प बसायला हवं होतं हे कळत होतं, पण गप्प बसणाऱ्याला सायकलवाला म्हणत नाहीत. मी समजावू लागलो. हे हँडल तीन ठिकाणी धरता येतं, त्यामुळे लांबच्या पल्ल्यात मनगटं भरून येत नाहीत. उतारावर खालच्या वळणात हात घातले की ब्रेकवर जोर चांगला येतो. रुंदी खांद्यांएवढी, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातूनही वाट निघते. माझ्या मित्राचं सरळ, पाऊण मीटर रुंद हँडल तिथे हमखास कुणाच्या तरी पिशवीत अडकतं आणि पुढचा अर्धा तास चवळीच्या शेंगांची किंमत ठरवण्यात जातो.

"आणि वर मधोमध धरलं तर ब्रेक कुठे?"

"तिथून ब्रेकला हात पोचत नाही."

"मग?"

तो 'मग' त्यांनी असा लांबवला की दोन स्कूटरवाले आणि पाव विकून परतणारा पोदेर, तिघंही जवळ सरकले. पोदेराच्या सायकलचं हँडल सरळ, त्यावर रबरी भोंगा. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. निकाल लागला.

"माशेलात एक मेस्त आहे," काका म्हणाले. "दोन घाव घालील, सरळ करून देईल. माझं नाव सांग, पैसे कमी घेईल."

१९८९ साली सायकलपटू ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे शिंगं लावली आणि तूर द फ्रान्स ही शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. काका तिथे असते तर त्याला आदल्या दिवशीच मेस्ताकडे धाडलं असतं.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आला. नातवाच्या हँडलच्या टोकाचं रबर फाटून आतली नळी उघडी पडली होती आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लहान मूल हळू चालवतानाही पडतं, चाक वळतं आणि ते टोक थेट पोटात बसतं. वरून दिसतो नुसता गोल वळ. आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड फाटलेलं असू शकतं आणि ते काही वेळा तासांनी कळतं.

"काका, ते रबर बदला. तोवर टोकात बूच तरी ठोका. फेणीच्या बाटलीचंही चालेल."

बोटीच्या इंजिनाचा आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला.

"फेणी?" काकांनी माझ्या दिशेने हवा हुंगली. "सकाळी सकाळी?"

"अहो, बूच म्हणतोय मी!"

"तरीच," पोदेर म्हणाला. "तरीच वाकलं."

एका स्कूटरवाल्याने आस्थेने विचारलं, "काजूची की माडाची?"

बोट धक्क्याला लागली. माझ्या मागेच काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी, हॉर्नवर हात ठेवूनच बसलेली. या गाड्या कोपराला आरसा घासत जातात. पोर्तुगालात सायकल ओलांडताना बाजूने दीड मीटर सोडायचा नियम २०१४ पासून आहे. पोर्तुगीज इथून गेले १९६१ मध्ये. साडेचारशे वर्षं राहिले आणि कामाचा कायदा तेवढा निघून गेल्यावर केला! माझ्याकडे हेल्मेट आहे, मागे लुकलुकणारा लाल दिवा आहे, पोपटी जाकीट आहे. त्यांपैकी कशानेही आजवर एकाही गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर गेलेला नाही.

काका त्या गाडीच्या खिडकीशी वाकले. "सावकाश हं. पुढचा सायकलवाला प्यालेला आहे."

हॉर्न थांबला. गाडी मुकाट्याने माझ्या मागे राहिली आणि रस्ता जरा रुंद झाल्यावर भरपूर दीड मीटर सोडून, अदबीने पुढे गेली. मागच्या सीटवरच्या बाईंनी तेवढी काच वर घेतली.