रॅशनल एजंटही चुकतो

गेल्या महिन्याभरात इंदूरमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या चार-पाच ग्रुपांवर एआयबद्दलचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचा, एकच मेसेज फिरतो आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी भाच्याने तोच मला पाठवून विचारलं, ‘‘आत्या, आमच्या पहिल्या युनिटमध्ये तर उलटंच दिलंय. परीक्षेत कुठलं लिहू?’’ तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने हे मनापासून विचारलं होतं. मी बरीच वर्षं हाच विषय शिकवते आहे, त्यामुळे त्याच्या एकट्यापुरतं उत्तर देऊन मला स्वस्थ बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: ‘एआय म्हणजे माणसासारखा विचार करणारं यंत्र. ते २०२२ साली आलं. जो आपल्याशी बोलतो आणि आपली कामं करतो तो एआय एजंट. एजंट रॅशनल असतो, म्हणजे त्याला भावना नसतात, म्हणून त्याचा निर्णय कधीच चुकत नाही. तेव्हा मुलांनी सर्च, लॉजिक, प्रोबॅबिलिटी असले जुने धडे सोडावेत. प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, लिहिता आली की पुरे.’

सहा वाक्यं, पाच दावे. चौथ्यापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे.

‘माणसासारखा विचार’ ही एआयची एक व्याख्या होती आणि आहे, पण एकमेव नाही. माणसासारखा विचार, माणसासारखं वागणं, तर्कशुद्ध विचार आणि उद्दिष्टाच्या दृष्टीने योग्य वागणं, अशा चार वाटांनी लोक या विषयाकडे गेले. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० सालच्या लेखात ‘यंत्र विचार करू शकतं का?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि यंत्राच्या उत्तरांवरून त्याची परीक्षा घेणारा खेळ सुचवला. म्हणजे तोही वागण्याकडेच वळला. १९९७ च्या मे महिन्यात आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. ते यंत्र सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. कुठलाही बुद्धिबळपटू असं खेळत नाही. पाठ्यपुस्तकं आज चौथ्या वाटेने जातात, त्याचं कारण सरळ आहे: विचार आतून दिसत नाही, वागणं बाहेरून मोजता येतं.

२०२२ हे साल चॅटजीपीटी या एका चॅटबॉटचं, म्हणजे गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे, विषयाचं नव्हे. विषयाचं नाव मॅकार्थी, मिन्स्की, रॉचेस्टर आणि शॅनन या संशोधकांच्या १९५५ सालच्या प्रस्तावात आलं आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्यावर बैठक भरली. माणसाशी गप्पा मारल्यासारखं बोलणारा एलायझा हा प्रोग्रॅम १९६६ चा. आपल्याकडचे राज रेड्डी, आंध्रात जन्मलेले, यांना एआयमधल्या कामासाठी ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला तो १९९४ साली. आज कॉलेजात असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

आता ‘एजंट’. आपल्या घरांत हा शब्द विम्यामुळे आणि प्लॉटच्या दलालीमुळे रुळला आहे, म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘करणे’. मी वर्गात सांगते की व्याकरणातला ‘कर्ता’ आठवा. भोवतालातून काही टिपतो आणि त्या भोवतालावर काही क्रिया करतो, तो एजंट. टिपायला सेन्सर, करायला हातपाय किंवा मोटर किंवा पडद्यावरची अक्षरं. बोलणं ही त्यातली फक्त एक क्रिया. आपल्या बाथरूममधल्या गीझरचा थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान टिपतो आणि वीज जोडतो किंवा तोडतो. तो अगदी खालच्या पायरीवरचा, आत्ता दिसलं त्यावरच चालणारा एजंट. त्याला काल काय झालं ते आठवत नाही आणि त्याच्या कामाला ते लागतही नाही. चॅटबॉटही एजंटच: तुम्ही टाइप केलेलं टिपतो, मजकूर परत देतो.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक बारकावा सांगून पुढे जाते, कारण परीक्षेत हमखास मार्क जातात. एजंटने आजवर टिपलेल्या नोंदींच्या प्रत्येक क्रमाला कुठली क्रिया, याचा कल्पनेतला पूर्ण तक्ता म्हणजे एजंट फंक्शन. तो तक्ता प्रत्यक्षात लिहून ठेवता येत नाही. दहाच प्रकारच्या नोंदी देणारा सेन्सर वीस वेळा वाचला तरी तक्त्यात १ वर २० शून्यं इतक्या ओळी होतात. तेच वागणं थोड्या ओळींत साधणारा कोड म्हणजे एजंट प्रोग्रॅम. हा सगळा विषय म्हणजे तो अवाढव्य तक्ता न लिहिता त्याच्यासारखं वागायची धडपड आहे.

आणि आता चौथा दावा: रॅशनल म्हणजे कधीच न चुकणारा.

नाही. एजंट रॅशनल आहे की नाही, हे चार गोष्टींवरून ठरतं: कामगिरी कशावरून मोजायची ते माप, त्याला आधीपासून असलेली माहिती, त्याला करता येण्याजोग्या क्रिया, आणि आत्तापर्यंत त्याने टिपलेलं सगळं. या चारांच्या आत राहून ज्या क्रियेतून मापानुसार सर्वांत चांगल्या फळाची अपेक्षा आहे ती निवडणं म्हणजे रॅशनल वागणं. ‘अपेक्षा’ हा शब्द जीव तोडून सांगण्यासारखा आहे. फळ नंतर कळतं. निवड आधी करावी लागते.

राजेंद्र नगरहून स्टेशनला जायचं आहे. समजा बाहेरचा रस्ता रोज २० मिनिटं घेतो. आतला दहांतले नऊ दिवस १५ मिनिटं घेतो आणि एक दिवस अडकतो, तेव्हा ६० लागतात. सरासरी काढा: नऊ दिवसांची १३५ मिनिटं, त्यात ६०, एकूण १९५, म्हणजे दिवसाला साडेएकोणीस. कमीत कमी वेळ हे माप असेल तर आतला रस्ता रॅशनल. त्या दहाव्या दिवशी तुम्ही तासभर अडकलात, तरी निवड चुकीची ठरत नाही. फळ वाईट निघालं, एवढंच. आता माप बदला. पाहुण्यांची गाडी अर्ध्या तासात सुटणार आहे आणि गाडी मिळणं हेच माप आहे. बाहेरच्या रस्त्याने ती नक्की मिळते, आतल्याने दहांत नऊ वेळा. लगेच बाहेरचा रस्ता रॅशनल झाला. शहर तेच, आकडे तेच; बदललं ते आपल्याला काय हवं आहे ते.

आणखी एक घ्या. रंगपंचमीच्या दुपारी राजवाड्याकडून गाडी काढायला निघालेल्या इंदूरकराला सगळे वेड्यात काढतील, कारण गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक, निघणार हे त्याला माहीत असतं. त्याच दिवशी पहिल्यांदा इंदूरला आलेल्या ड्रायव्हरने तोच रस्ता धरला तर? त्याच्याजवळ ती माहिती नाही. पण त्याने चौकात कुणाला विचारलंच नाही, समोरचे रंगलेले रस्ते पाहूनही गाडी पुढेच रेटली, तर तोही सुटत नाही. जी माहिती सहज मिळवता आली असती ती न मिळवणं रॅशनल नव्हे. म्हणून ‘माहीत नव्हतं’ हे प्रत्येक वेळी उत्तर होत नाही. मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते: सर्वज्ञ असणं वेगळं, रॅशनल असणं वेगळं, आणि बघून-विचारून घेणं हा रॅशनल असण्याचाच भाग आहे.

‘भावना नसतात म्हणून चुकत नाही’ यातही घोटाळा आहे. काय हवं आणि काय नको, हे माप यंत्राच्या पोटातून येत नाही, ते माणूस देतो. माणसाने चुकीचं माप दिलं तर यंत्र ते चुकीचं काम उत्कृष्ट करून दाखवतं. २०१६ च्या डिसेंबरात ओपनएआय या कंपनीच्या (चॅटजीपीटी पुढे तिनेच काढलं) संशोधकांनी बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेमचं उदाहरण प्रसिद्ध केलं. एजंटला गुण वाढवायला सांगितलं होतं. त्याची बोट एका कोपऱ्यात गोल-गोल फिरत तीच लक्ष्यं पुन्हा पुन्हा पाडत राहिली, दुसऱ्या बोटींवर आदळली, पेटली, शर्यत कधी पुरी केलीच नाही, आणि तरी माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवून बसली. दिलेल्या मापाने ती बरोबर होती. शर्यत जिंकावी ही इच्छा मापात कुणी लिहिलीच नव्हती.

शिवाय अगदी अचूक हिशेब करायलाही वेळ लागतो आणि तो हाताशी नसतो. डार्टमथच्या त्या बैठकीला गेलेल्या हर्बर्ट सायमन यांनी यावरच आयुष्यभर काम केलं: मर्यादित वेळ, मर्यादित माहिती, मर्यादित गणनाशक्ती, आणि त्यात ‘पुरेसं चांगलं’ शोधणारा निर्णय. त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. न चुकणारा निर्णयकर्ता ही कल्पना या विषयाच्या जनकांपैकीच एकाने इतक्या आधी मोडीत काढली आहे.

मेसेजमधलं एक मात्र मला मान्य आहे. यंत्र दमत नाही, चिडत नाही, आणि माप स्पष्ट असलेल्या ठरावीक कामात ते आपल्याला सहज मागे टाकतं. पण ‘कधीच चुकत नाही’ असं ज्या मुलाच्या मनावर बिंबलं, तो उद्या कर्जाचा अर्ज नाकारणाऱ्या किंवा तपासणीचा अहवाल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला प्रश्नच विचारणार नाही. माझा जीव त्यासाठी तुटतो.

पाचवा दावा फार वेळ घेणार नाही. २०१६ साली गो या पटावरच्या खेळातल्या नामवंत ली सेडॉलला चार-एक हरवणाऱ्या अल्फागो या प्रोग्रॅममध्ये उदाहरणांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क होतं आणि त्याच्या जोडीला पुढच्या चालींचा, झाडासारख्या फांद्या फुटणारा सर्चही होता. ‘जुना’ म्हणून टाकायला सांगितलेला तोच धडा. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल पुढचा शब्द निवडतं ते संभाव्यतेवरून. ज्याला प्रोबॅबिलिटी येत नाही त्याला वरचं साडेएकोणीस मिनिटांचं गणितही मांडता येणार नाही. प्रॉम्प्ट चांगला लिहायला जरूर शिका, पण काय मागायचं ते कळण्यासाठी आधी हे लागतं.

भाच्याला मी उत्तर लिहून दिलं नाही. शनिवारी तो आणि त्याचे तीन-चार मित्रमैत्रिणी घरी आले, तेव्हा एक काम दिलं: सराफा बाजारात रात्री खाऊच्या गाड्या उठल्यावर रस्ता झाडणारं एक यंत्र बनवायचं आहे, त्याचं माप, भोवताल, टिपायची साधनं आणि क्रिया करायची साधनं अशा चार गोष्टी लिहा. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षण या देशभरातल्या शहरांच्या स्वच्छतेच्या पाहणीत शहराचा पहिला नंबर आला तेव्हापासून ही मुलं दारात येणाऱ्या गाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा टाकत मोठी झाली आहेत, त्यामुळे हात पटपट चालले. सेन्सर झाले, ब्रश आणि चाकं झाली. मापाच्या रकान्यात भाच्याने लिहिलं, ‘जितके किलो कचरा उचलला तितके गुण.’ मी विचारलं, यंत्राने टाकीतला कचरा परत रस्त्यावर ओतला आणि पुन्हा उचलला तर? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खोडून लिहिलं, ‘सकाळी सोन्या-चांदीची दुकानं उघडताना रस्ता किती स्वच्छ आहे.’ म्हणजे यंत्राने काय-काय केलं ते सोडून त्याने रस्त्याची अवस्था मोजायला घेतली. दुसऱ्याने ओला-सुका वेगळा राहिल्याचे गुण वाढवले, तिसऱ्याने विजेच्या खर्चाचे गुण कापले.

त्यांच्यातली एक मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत होती. म्हणाली, ‘‘मॅडम, दोन-अडीच वाजता काही माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली असतात. यात ती कुठेच नाहीत.’’ मग आम्ही ते माप पुसून पुन्हा लिहायला घेतलं.